एका ग्रहणाची हजार-बाराशे वर्षांची वंशावळ घरबसल्या कशी काढायची

ग्रहण म्हटलं की आपण पुढचं कधी, कुठून दिसणार एवढंच बघतो, आणि ते झालं की विसरून जातो. पण प्रत्येक सूर्यग्रहणाला एक घराणं असतं, त्याचा बाप 18 वर्षांपूर्वी होऊन गेलेला असतो, आजोबा 36 वर्षांपूर्वी, आणि नातू अजून यायचा असतो. हे घराणं शोधायला दुर्बीण लागत नाही की मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एक वही किंवा साधी शीट, बेरीज-वजाबाकी आणि थोडा धीर एवढ्यावर होतं. मी स्वतः हे पहिल्यांदा हाताने केलं तेव्हा 2027 च्या ग्रहणावरून मागे मागे जात थेट 1360 सालापर्यंत पोचलो आणि तारीख बरोबर जुळली, त्या दिवशी जो आनंद झाला तो तुम्हालाही व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडं का ते समजून घ्या, नाहीतर नुसते आकडे पाठ होतील आणि कुठे चुकलं ते कळणार नाही.

सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण दर अमावस्येला का होत नाही? कारण चंद्राची कक्षा साधारण 5 अंशांनी तिरकी आहे, त्यामुळे बहुतेक अमावस्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून नाहीतर खालून निघून जाते. ज्या दोन जागी चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन पात, म्हणजेच आपले राहू आणि केतू, आणि अमावस्येला सूर्य यातल्या एकाच्या जवळ, साधारण 15 ते 18 अंशांच्या आत असेल तरच ग्रहण. शिवाय चंद्र जवळ आहे की लांब यावर ते खग्रास होणार की कंकणाकृती ते ठरतं. म्हणजे तीन घड्याळं एकाच वेळी चाललेली आहेत असं समजा. अमावस्या ते अमावस्या 29.530589 दिवस, पात ते पुन्हा तोच पात 27.212221 दिवस, आणि चंद्र पृथ्वीच्या सर्वात जवळ असण्यापासून पुन्हा सर्वात जवळ येईपर्यंत 27.554550 दिवस.

आता कॅल्क्युलेटर काढा आणि हे खरंच करून बघा, वाचून सोडू नका. पहिल्याला 223 ने गुणा, 6585.32 येतं. दुसऱ्याला 242 ने गुणा, 6585.36. तिसऱ्याला 239 ने, 6585.54. तिन्ही घड्याळं एकमेकांपासून पाच-सहा तासांच्या आत पुन्हा एकत्र येतात! आणि हा काळ 18 वर्षं 11 दिवस आणि साधारण 8 तासांचा आहे, म्हणजे पूर्ण वर्षांपेक्षा फक्त 11 दिवस जास्त, त्यामुळे पृथ्वी सूर्यापासून जेवढ्या अंतरावर तेव्हा होती जवळपास तेवढ्याच अंतरावर आताही असते. याला सॅरोस म्हणतात. एक ग्रहण झालं की 6585.32 दिवसांनी जवळपास तसंच दुसरं होतं, तोच पात, तोच प्रकार, खग्रास काळही साधारण तेवढाच.

बॅबिलोनच्या लोकांना हे 223 महिन्यांचं चक्र ख्रिस्तपूर्व काळातच माहीत होतं, मातीच्या पाट्यांवर पिढ्यान् पिढ्या नोंदी करून त्यांनी ते काढलं. सॅरोस हे नाव मात्र त्यांनी दिलेलं नाही, ते एडमंड हॅलीने 1691 मध्ये एका जुन्या कोशातून उचलून लावलं, मूळ बॅबिलोनी शब्दाचा अर्थ 3600 असा होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आणि समुद्रातून सापडलेलं ते ग्रीक अँटिकिथेरा यंत्र, त्याच्या मागच्या बाजूला 223 घरांची सर्पिल तबकडी आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी काशाच्या (ब्राँझच्या) चाकांमध्ये हेच चक्र बसवलं होतं. तुम्ही आता जे करणार आहात त्याला एवढी जुनी परंपरा आहे.

चला, कामाला लागू.

एक ओळखीचं ग्रहण घ्या. मी 2 ऑगस्ट 2027 चं घेतो, कारण ते मोठं आहे, खग्रास काळ जास्तीत जास्त 6 मिनिटं 23 सेकंद, स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया अशी वाट. ग्रहणमध्याची वेळ वैश्विक वेळेत, म्हणजे यूटी मध्ये, 10:07. वेळ नेहमी यूटी मध्येच घ्या, स्थानिक वेळ घेतली की दोन-तीन पिढ्यांत तारखेचा घोळ होतोच होतो.

यातून 18 वर्षं 11 दिवस 8 तास वजा केले की 22 जुलै 2009. पण थांबा, 2 ऑगस्टमधून 11 दिवस गेले की 22 जुलै, आणि 10:07 मधून 8 तास गेले की पहाटे 2 च्या आसपास, जुळलं, पण प्रत्येक वेळी असं सरळ जुळत नाही. मधल्या काळात लीप वर्षं चार आली तर 11 दिवस, पाच आली तर 10 दिवस, आणि 1900 सारखं लीप नसलेलं शतकवर्ष मध्ये आलं तर कधी 12 दिवसही. इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो. म्हणून तारखांची वजाबाकी करूच नका, ज्युलियन दिनांक वापरा. ही दिवसांची एक सलग मोजणी आहे, महिने नाहीत, वर्षं नाहीत, नुसता चढता आकडा. 1 जानेवारी 2000 च्या दुपारी 12 ला (यूटी) हा आकडा 2451545.0 होता. तारीख टाकली की आकडा आणि आकडा टाकला की तारीख देणारे कन्व्हर्टर नेटवर भरपूर आहेत.

2 ऑगस्ट 2027, 10:07 म्हणजे 2461619.92. यातून 6585.32 वजा करा, 2455034.60. त्याची तारीख काढली की 22 जुलै 2009, पहाटे 2:24. खरा ग्रहणमध्य 2:35 ला होता. अठरा वर्षं उडी मारून अकरा मिनिटांची चूक! मला अजूनही हे बघून भारी वाटतं.

आता शीटमध्ये एक कॉलम करा, वरच्या सेलमध्ये 2461619.92, खाली प्रत्येक सेल वरच्यापेक्षा 6585.3211 ने कमी. (इथे चार दशांश ठेवा, कारण पुढे चाळीस वेळा वजा करायचं आहे, दोनच ठेवले तर चूक साचत जाते.) तारखा शीटलाच काढायला लावू नका, बऱ्याच स्प्रेडशीटना 1900 च्या आधीची तारीख तारीख म्हणून समजत नाही, माझा पहिला पूर्ण तक्ता यामुळे वाया गेला होता. ज्युलियन आकड्यावरून कन्व्हर्टरमध्येच काढा. तर 2027 च्या मागे 2009, 1991 (11 जुलै), 1973 (30 जून), 1955 (20 जून), 1937 (8 जून), 1919 (29 मे), 1901 (18 मे), 1883 (6 मे) अशी रांग लागते. यातलं 1919 चं ओळखीचं वाटलं ना? तेच, ज्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेला आणि दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला, आणि ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून वाकतो हे मोजून आइनस्टाइनचं म्हणणं तपासलं. आणि 1973 चं म्हणजे ज्यात काँकॉर्ड विमानाने सावलीचा पाठलाग करून 74 मिनिटं खग्रास अवस्था बघितली. दोन्ही एकाच घराण्यातली, आणि दोन्ही लांबलचक, हा योगायोग नाही, हे घराणंच लांब ग्रहणांचं आहे, 1955 ला तर 7 मिनिटं 8 सेकंदांपर्यंत गेलं होतं.

आता त्या 8 तासांचं काय ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे. 6585 नंतर जे 0.32 दिवस उरतात त्यात पृथ्वी जवळजवळ एक तृतीयांश फिरून जाते, म्हणून पुढचं ग्रहण साधारण 115-120 अंश पश्चिमेला सरकतं. 1991 चं हवाई आणि मेक्सिकोवर, 2009 चं भारत-चीनवर, 2027 चं उत्तर आफ्रिकेवर, आणि 12 ऑगस्ट 2045 चं पुन्हा अमेरिकेवर. म्हणजे तीन उड्या मारल्या की फिरून साधारण त्याच भागात. हे तीन सॅरोसचं चक्र, 54 वर्षं आणि एक महिना, ग्रीकांनी त्याला एक्सेलिग्मॉस म्हटलं आणि अँटिकिथेरा यंत्रावर त्याचीही छोटी तबकडी आहे, प्रत्येक सॅरोसनंतर 8 तास की 16 तास मिळवायचे ते दाखवणारी. तुमच्या कॉलममध्ये प्रत्येक तिसरी ओळ रंगवून टाका, 1919, 1973, 2027 एका रंगात, 1937, 1991, 2045 दुसऱ्या, 1955 आणि 2009 तिसऱ्या, आणि नकाशावर या वाटा शोधा, एका रंगाच्या वाटा एकमेकींच्या शेजारी पडलेल्या दिसतील.

पण शेजारी म्हणजे त्याच गावावर असं अजिबात धरू नका. एका ठरावीक जागी खग्रास सूर्यग्रहण सरासरी 375 वर्षांतून एकदा येतं, सॅरोस तुम्हाला दिवस सांगतो, जागा अंदाजाने सांगतो, वाट सांगत नाही. 7 मार्च 1970 चं ग्रहण मेक्सिको आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गेलं आणि 54 वर्षं एक महिन्याने, 8 एप्रिल 2024 ला, त्याच्या घराण्यातलं ग्रहण पुन्हा मेक्सिको-अमेरिकेवरून गेलं, पण वाट वेगळी, शहरं वेगळी.

आता मोठी उडी. 2461619.92 मधून 6585.3211 एकदम 37 वेळा वजा करा. 2217963.04 येतं. कन्व्हर्टरमध्ये टाका, 14 जून 1360. हे या घराण्याचं पहिलं ग्रहण, दक्षिण ध्रुवाकडे पृथ्वीला जेमतेम चाटून गेलेलं खंडग्रास. तुम्हाला जर 22 जून आलं तर घाबरू नका, गणित बरोबर आहे, तुमचा कन्व्हर्टर आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ओढतोय. 4 ऑक्टोबर 1582 नंतर एकदम 15 ऑक्टोबर आला, त्याआधीच्या तारखा ग्रहणांच्या तक्त्यांत जुन्या ज्युलियन कॅलेंडरनेच लिहितात. आणखी मागे ख्रिस्तपूर्व काळात गेलात तर अजून एक खड्डा आहे, खगोलवाले शून्य साल धरतात, इतिहासवाले धरत नाहीत, म्हणून तक्त्यातलं −135 म्हणजे इतिहासातलं इ.स.पू. 136.

आणि पुढे 33 वेळा मिळवा, 2678935.52, 30 जुलै 2622. ते शेवटचं, तेही खंडग्रास, पण आता उत्तर ध्रुवाकडे. मागची 37, 2027 चं एक आणि पुढची 33, एकूण 71 ग्रहणं, 1262 वर्षं. आधी 8 खंडग्रास, मग 6 कंकणाकृती, 6 मिश्र म्हणजे वाटेत काही ठिकाणी कंकणाकृती आणि काही ठिकाणी खग्रास, मग तब्बल 44 खग्रास, आणि शेवटी 7 खंडग्रास.

घराणं जन्मतं आणि संपतं का? कारण वरचे 6585.32 आणि 6585.36 हे तंतोतंत सारखे नाहीत, त्यामुळे प्रत्येक सॅरोसला अमावस्या पातापासून जवळपास अर्धा अंश सरकते. सावली आधी पृथ्वीला एका ध्रुवाकडे शिवते, शतकानुशतकं हळूहळू मध्यावर येते, मग दुसऱ्या ध्रुवाकडून निसटून जाते. साधारण 1226 ते 1550 वर्षं एका घराण्याचं आयुष्य, 69 ते 87 ग्रहणं.

हे सरकणं मोजायला गॅमा नावाचा आकडा बघा, प्रत्येक ग्रहणाच्या माहितीत तो दिलेला असतो. छायेचा मध्य पृथ्वीच्या केंद्रापासून किती लांबून जातो ते पृथ्वीच्या त्रिज्येच्या पटीत. शून्य म्हणजे बरोबर मध्यातून, उणे म्हणजे दक्षिणेकडून, 1 च्या आसपासच्या पुढे फक्त खंडग्रास, आणि साधारण 1.55 च्या पुढे काहीच नाही. आपल्या घराण्यात 1973 ला −0.079, 1991 ला −0.004, 2009 ला 0.070, 2027 ला 0.142. दर वेळी 0.07 ने उत्तरेकडे. आता तुम्ही म्हणाल की मग 0.07 ने मिळवत जाऊ आणि शेवट काढू, मीही तेच केलं होतं, आणि घराणं चोविसाव्या शतकातच संपलं, जे चूक आहे. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग वर्षभर सारखा नसतो, ग्रहणाची तारीख जुलैच्या आसपास असते तेव्हा गॅमा भराभर सरकतो आणि जानेवारीच्या आसपास असते तेव्हा हळू, आणि तारीख तर दर पिढीला 11 दिवसांनी पुढे जातेच आहे. पूर्ण आयुष्याची सरासरी 0.044 च्या आसपास पडते. त्यामुळे गॅमाची दिशा बघा, वेग कायमचा धरू नका.

या घराण्यांना नंबर दिलेले आहेत, आपलं हे 136. 1970-2024 वालं 139, आणि ते सध्या जोमात आहे, त्यातलं 16 जुलै 2186 चं ग्रहण 7 मिनिटं 29 सेकंदांचं असणार आहे, कित्येक हजार वर्षांतलं सर्वात लांब. सम नंबर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढतात, विषम उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात. कुठल्याही काळात अशी साधारण 40 घराणी एकाच वेळी चालू असतात, म्हणून तर वर्षाला किमान दोन ग्रहणं होतातच.

नंबर पाठ करायची गरज नाही, एक सुंदर युक्ती आहे. एका ग्रहणापासून पुढचं ग्रहण सहा अमावस्यांनी आलं तर नंबर 5 ने वाढतो, पाच अमावस्यांनी आलं तर 33 ने कमी होतो, आणि लागोपाठच्याच अमावस्येला आलं तर 38 ने वाढतो. करून बघा. 8 एप्रिल 2024 ला 139. त्या ऑक्टोबरात 144. मार्च 2025 ला 149, सप्टेंबर 2025 ला 154. मग 17 फेब्रुवारी 2026 चं पाच अमावस्यांनीच आलं म्हणून 154 वजा 33, 121. ऑगस्ट 2026 ला 126, फेब्रुवारी 2027 ला 131, आणि 2 ऑगस्ट 2027 ला 136, आलो की नाही घरी परत!

इथून पुढे ज्याला खरंच खोलात जायचं आहे त्याने दुसरा कॉलम सुरू करावा, इनेक्सचा. 358 अमावस्या, 10571.95 दिवस, म्हणजे 29 वर्षांना 20 दिवस कमी. याने तुम्ही शेजारच्या घराण्यात जाता, नंबर 1 ने वाढतो, आणि ग्रहण उत्तर गोलार्धातून दक्षिणेत किंवा उलट जातं. 11 ऑगस्ट 1999 ला युरोपवरून गेलेलं 145 नंबरचं होतं, त्यात इनेक्स मिळवला की 22 जुलै 2028, ऑस्ट्रेलियावरून जाणारं, 146 नंबर. मात्र चंद्राचं अंतर यात जुळत नाही, त्यामुळे वेळ पाऊण दिवसापर्यंत चुकते (हेच उदाहरण आकड्यांनी केलं तर 21 जुलै येतं) आणि खग्रासच्या जागी कंकणाकृतीही येऊ शकतं. पण पाताच्या बाबतीत इनेक्स इतका पक्का आहे की ती साखळी वीस हजार वर्षांहून जास्त टिकते.

आता आडव्या ओळीत इनेक्स आणि उभ्या ओळीत सॅरोस असा चौकटींचा कागद मांडा, मधल्या चौकटीत 2 ऑगस्ट 2027. खाली गेलं की 18 वर्षं, उजवीकडे गेलं की 29. जवळजवळ प्रत्येक ग्रहण या कागदावर कुठे ना कुठे सापडतं. जॉर्ज व्हान डेन बर्ग या डच माणसाने 1955 मध्ये सगळ्या ग्रहणांचा असाच भला मोठा पट मांडला, त्याच्याकडे आधाराला होतं ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञ ओपोल्झरने 1887 मध्ये हाताने गणित करून छापलेलं 8000 सूर्यग्रहणांचं काम. आज तयार मिळणाऱ्या पाच हजार वर्षांच्या यादीत, इ.स.पू. 2000 ते इ.स. 3000, एकूण 11898 सूर्यग्रहणं आहेत, 4200 खंडग्रास, 3956 कंकणाकृती, 3173 खग्रास आणि 569 मिश्र. तुमचा तक्ता तयार झाला की या यादीशी ताडून बघा.

दोन गल्लती मात्र टाळा. चंद्राचे पात 18.6 वर्षांत एक फेरी पूर्ण करतात, तो आकडा सॅरोसच्या 18.03 च्या जवळ आहे म्हणून लोक एकच समजतात, ती वेगळी गोष्ट आहे. दुसरं, 19 वर्षांनी त्याच तारखेला ग्रहण येतं तेही सॅरोस नाही. 11 ऑगस्ट 1961, 10 ऑगस्ट 1980, 11 ऑगस्ट 1999, 11 ऑगस्ट 2018, बघा कशी ओळीने आलीत, पण ते 235 अमावस्यांचं मेटॉनचं चक्र, दर वेळी घराणं बदलतं, 125, 135, 145, 155, आणि चार-पाच ग्रहणांत ते विझून जातं.

आणि फार मागे जाणार असाल तर एक शेवटचं. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंद होतंय, दिवस शंभर वर्षांत दोन मिलिसेकंदांपेक्षाही कमीच वाढतो, पण ते साचत जातं. 15 एप्रिल इ.स.पू. 136 ला बॅबिलोनमध्ये खग्रास ग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या पाटीवर आहे. पृथ्वी कायम आजच्याच वेगाने फिरत आली असं धरून गणित केलं तर ती वाट बॅबिलोनपासून जवळपास 49 अंश बाजूला पडते, म्हणजे सव्वातीन तासांचा फरक. म्हणून तुमच्या कॉलममध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची तारीख बरोबर येईल, पण त्यावरून कुठल्या गावी अंधार पडला हे काढायला जाल तर हा फरक आधी मिळवावा लागतो, आणि तो किती मिळवायचा हे आपल्याला अशाच जुन्या नोंदींवरून कळलंय, कोणीतरी तेव्हा आकाशाकडे बघून ओल्या मातीत वेळ कोरून ठेवली होती म्हणून.